ट्रकचालकाला चांगला मालक कसा सापडतो?

कळंबोलीचा पोलाद बाजार, भिवंडीची गोदामे, न्हावा-शेवा बंदराकडे जाणारा रस्ता किंवा निगडीची ट्रान्स्पोर्टनगरी. यांपैकी कोठेही गेले तरी वाहतूकदारांची एक तक्रार हमखास कानी पडते. गाड्या आहेत, भाडे आहे, पण चालक मिळत नाहीत. ही तक्रार खोटी नाही. परंतु ज्या कामाला माणसे कमी पडतात, त्या कामातील माणसाला मनासारखा मालक सहज मिळावा, अशी आपली समजूत असते. ट्रकच्या धंद्यात ती लागू पडत नाही. अवजड वाहनाचा परवाना खिशात असलेल्या चालकाला नोकरी एका दिवसात मिळते. ज्याच्याकडे वर्षानुवर्षे नांदता येईल असा मालक मिळायला मात्र चार-पाच गाड्या बदलाव्या लागतात, आणि तरीही तो मिळेलच असे नाही.

याचे कारण धंद्याच्या रचनेत आहे. देशातील बहुसंख्य ट्रक मोठ्या कंपन्यांचे नसून एक, दोन किंवा फार तर पाच गाड्या बाळगणाऱ्या मालकांचे आहेत. त्यांचे कार्यालय म्हणजे बहुधा मोबाइल फोन आणि हिशेबाची वही. असा मालक चालक ठेवताना परवाना पाहतो, आधार कार्डाची प्रत घेतो, मागच्या मालकाला फोन लावून 'माणूस कसा आहे' हे विचारतो. चालकाला मात्र मालकाविषयी असे विचारण्याची कोणतीही ठरलेली सोय नाही. नेमणुकीचे पत्र क्वचितच मिळते. पगार तोंडी ठरतो. फेरीवरून परतल्यानंतर हिशेबाला बसल्यावरच मालक खरा कसा आहे ते कळते, आणि तोवर चालकाचे पंधरा-वीस दिवसांचे श्रम त्याच्याकडे अडकलेले असतात.

'सेव्हलाइफ फाउंडेशन' या संस्थेने ट्रकचालकांच्या स्थितीविषयी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, ८४ टक्के चालकांनी आपल्या नातेवाइकांना या व्यवसायात येण्याचा सल्ला देणार नाही, असे सांगितले होते. दिवसाला सरासरी सुमारे १२ तास गाडी हाकावी लागते, असेही त्या पाहणीत आढळले. हा प्रश्न केवळ चालकाचा नाही. द्रुतगती महामार्गावर मध्यरात्री आपल्या मोटारीच्या शेजारून जाणारा चाळीस टनांचा ट्रक ज्याच्या हाती आहे, तो माणूस किती तास झोपला आहे हे पुष्कळ वेळा त्याच्या मालकाने ठरविलेले असते.

उस्तादाची साखळी

चांगल्या मालकाचा पत्ता आजवर चालकाला मिळत आला तो ओळखीतून. गावातील एक जण गाडीवर जातो, दोन-चार वर्षांनी धाकट्या भावाला किंवा भाच्याला क्लीनर म्हणून सोबत नेतो. क्लीनरसाठी चालक हा 'उस्ताद'. गाडी पुसणे, टायरला हातोडी मारून हवा पाहणे, ताडपत्री बांधणे, मागे घेताना बाजू दाखविणे अशी कामे करीत पोरगा घाटात गिअर केव्हा पाडायचा ते शिकतो, आणि त्याचबरोबर कोणत्या शेठकडे हिशेब सरळ आहे, कोण उचल देऊन माणूस बांधून ठेवतो, कोणाची गाडी नेहमी ओव्हरलोड असते, हेही शिकतो. रस्त्यावरची ही शाळा कितीही खडतर असली तरी तिच्यात ही माहिती फुकट मिळत असे.

आता ही साखळी तुटत चालली आहे. खर्च वाचविण्यासाठी अनेक मालकांनी क्लीनर ठेवणे बंद केले. नॅशनल परमिटच्या वाहनावर दोन चालक असावेत, ही अटही २०१८ मध्ये नियमांतून काढून टाकण्यात आली. परिणामी लांब पल्ल्याची गाडी घेऊन माणूस एकटाच निघतो. नव्याने परवाना काढलेल्या तरुणाला सांगणारा उस्ताद उरलेला नाही. त्याच्या हाती आहेत ते व्हॉट्सॲपवरील 'ड्रायव्हर पाहिजे' असे संदेश. त्यांत पगाराचा आकडा ठळक असतो आणि बाकी काही नसते.

म्हणून जाणता चालक आजही संदेशावर विसंबत नाही. तो ढाब्यावर, वजनकाट्यावर, बंदराबाहेरच्या रांगेत त्याच मालकाची दुसरी गाडी गाठतो आणि तिच्या चालकाशी बोलतो. त्याचा पहिला प्रश्न पगाराचा नसतो. या शेठकडे किती दिवस झाले, आणि आधीचा चालक का गेला, एवढेच तो विचारतो. पाच गाड्यांवर पाचही चालक सहा महिन्यांच्या आतले असतील, तर पुढचे काही विचारण्याची गरज उरत नाही. एखादा चालक चार-पाच वर्षांपासून टिकून असेल तर तेथे थांबून चहा घेण्यात अर्थ आहे.

माणसाइतकीच गाडीही बोलते. टायरची नक्षी गेली आहे का, ब्रेक कसे आहेत, केबिनमध्ये आडवे होण्याजोगी जागा आहे की नाही, हे पाहिले की मालक चालकाकडे कोणत्या नजरेने पाहतो ते उमगते. गाडीचा क्रमांक 'एम-परिवहन' ॲपवर टाकला की विमा, फिटनेस आणि पीयूसी यांच्या मुदती दिसतात. ज्या मालकाने स्वतःच्या गाडीचा विमा संपू दिला, तो चालकाची काळजी घेईल अशी अपेक्षा धरणे भाबडेपणाचे ठरेल. दिनांक १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मध्यम व अवजड मालवाहू वाहनांना वातानुकूलित केबिन सक्तीची झाली आहे. तथापि रस्त्यावरच्या बहुतेक गाड्या त्याआधीच्या आहेत, आणि नव्या गाड्यांतही डिझेल वाचावे म्हणून वातानुकूलन बंद ठेवायला सांगितले जाते की नाही, हे चालकाने विचारून घ्यायला हवे.

पगाराचा आकडा आणि फेरीचा हिशेब

बाहेरच्या माणसाला वाटते, ज्याचा पगार जास्त तो मालक चांगला. अनुभवी चालक तसे मानत नाही, कारण पगार हा त्याच्या कमाईचा एक भाग झाला. पगाराशिवाय जेवणाखाण्याचा भत्ता असतो, फेरीमागे बक्षिसी असते, आणि वाटखर्चासाठी हाती रोख रक्कम दिलेली असते. टोल आता फास्टॅगमधून परस्पर कापला जातो. फेब्रुवारी २०२१ पासून तो सर्व वाहनांना सक्तीचा झाल्याने रोखीचा एक मोठा वाद मिटला. पण पंक्चर, हमाली, वराई, पार्किंग, आणि ज्याला या धंद्यात 'एंट्री' म्हणतात ते वाटेत द्यावे लागणारे पैसे, हे सारे अजून चालकाच्या खिशातून जाते. नंतर त्यातले किती मान्य करायचे, ते मालक ठरवितो. शेवटच्या प्रकाराची तर पावतीही नसते.

सर्वांत मोठा वाद डिझेलचा. काही मालक ठरावीक 'ॲव्हरेज' धरून डिझेल देतात. त्यापेक्षा जास्त जळाले तर फरक चालकाच्या पगारातून कापतात. एक उदाहरण घेऊ. भिवंडीहून बेंगळुरूला जाणारी फेरी ढोबळमानाने १,००० किलोमीटरची धरू. भरलेली गाडी घाट, वाहतूक कोंडी आणि वय यांमुळे लिटरला ४ किलोमीटर देते, म्हणजे २५० लिटर डिझेल लागते. मालकाने मात्र साडेचारचे ॲव्हरेज धरले असेल, तर त्याच्या वहीप्रमाणे २२२ लिटर पुरायला हवे. उरलेले २८ लिटर, लिटरला ९० रुपयांच्या भावाने सुमारे २,५०० रुपये, चालकाच्या नावावर पडतात. महिन्यातून अशा तीन-चार फेऱ्या झाल्या तर संदेशातला पगाराचा ठळक आकडा कुठल्या कुठे जातो. याउलट ज्या मालकाने हेच ॲव्हरेज चार धरले आहे आणि वाचलेल्या डिझेलचा वाटा चालकाला देतो, त्याच्याकडे तीन हजारांनी कमी पगारावरही माणूस खुशीने राहतो.

मालकाची बाजूही येथे सांगितली पाहिजे. टाकीतून डिझेल काढून विकले जाते, हे वाहतूक धंद्यातील उघड गुपित आहे, आणि दोन गाड्यांच्या हप्त्यांवर उभ्या असलेल्या मालकाला त्याचा फटका बसतो. म्हणूनच सावध मालक नवीन चालकाबरोबर पहिली एक फेरी स्वतः करतो किंवा विश्वासातला माणूस पाठवितो, त्या मार्गावर गाडी भरलेली आणि रिकामी किती देते ते पाहतो आणि मग आकडा ठरवितो. जो मालक असे मोजून ठरवायला तयार असतो, त्याच्याकडे वाद कमी होतात. जो म्हणतो, 'आमच्या सगळ्या गाड्या साडेचार देतात', त्याच्यापासून चालक दूर राहतात.

उभ्या राहिलेल्या गाडीचे काय, हा प्रश्न त्याच जातीचा. बंदराच्या रांगेत, कारखान्याच्या दाराशी किंवा गोदामात जागा नाही म्हणून गाडी दोन-दोन दिवस थांबते. फेरीवर पैसे घेणाऱ्या चालकाच्या दृष्टीने ते दिवस फुकट गेले. मालाच्या मालकाकडून थांब्याचे पैसे गाडीमालकाला मिळोत वा न मिळोत, चालकाचा रोजचा भत्ता चालू राहतो का, हे निघण्याआधी ठरवून घ्यावे लागते. ठरवून घेणारे चालक मोजके, हेही खरे.

आणि मग उचल. बहिणीचे लग्न, घराचे छप्पर, आईचे आजारपण, अशा वेळी पन्नास हजार देणारा शेठ देवासारखा वाटतो. गरजेला उचल देणे हे चांगल्या मालकाचे लक्षण मानले जाते आणि ते योग्यच आहे. परंतु हीच रक्कम पुढे साखळदंड होऊ शकते. दर फेरीला थोडी कापायची, मध्येच आणखी द्यायची, वहीतला आकडा संपूच द्यायचा नाही, म्हणजे माणूस हलत नाही. ओळखण्याची खूण सोपी आहे: मालक उचलीचा हिशेब दर महिन्याला दाखवितो की नाही, आणि चालकाचा मूळ परवाना स्वतःच्या कपाटात ठेवून घेतो की नाही. डिजिलॉकरमधील परवाना कायद्याने मूळ प्रतीइतकाच ग्राह्य धरला जातो. त्यामुळे कागद अडकला तरी हातपाय पूर्वीइतके बांधले जात नाहीत. पण मूळ परवाना मागणाऱ्या मालकाचा हेतू त्या मागणीतच दिसून येतो.

रात्री दोनचा फोन

मालक कसा आहे हे कळते ते रात्री दोन वाजता, गाडी बंद पडल्यावर किंवा अपघात झाल्यावर. फोन उचलतो का. उचलला तर आधी माणसाची विचारपूस करतो की मालाची. मिस्त्री पाठवितो की 'तूच बघ' म्हणतो. अपघातात तर चालकाचे सारे आयुष्य पणाला लागते. चूक कोणाचीही असो, जमाव मोठ्या गाडीच्या चालकावर धावून येतो. पोलीस ठाणे, जामीन, वकील, न्यायालयाच्या तारखा हे सर्व त्याच्या मुलुखापासून शेकडो किलोमीटर दूर सुरू होते. हिताची जाण असलेला मालक दुसऱ्या दिवशी तेथे पोहोचतो, जामीनदार उभा करतो. काही मालक फोन बंद करतात.

जानेवारी २०२४ च्या पहिल्या दिवसांत देशभर चालकांनी जे काम बंद केले, त्यामागे हीच भीती होती. मनमाडजवळच्या पानेवाडीतील इंधन डेपोचे टँकर उभे राहिले आणि राज्यातील अनेक शहरांत पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या, हे वाचकांच्या स्मरणात असेल. भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६(२) मध्ये, अपघातात मृत्यू घडवून पोलिसांना न कळविता पळून जाणाऱ्यास दहा वर्षांपर्यंतच्या कैदेची तरतूद होती. संहिता १ जुलै २०२४ पासून अमलात आली, पण हे उपकलम बाजूला ठेवण्यात आले. चालकांचे म्हणणे, थांबलो तर जमाव मारतो आणि पळालो तर कायदा. या कोंडीत त्याच्या बाजूने बोलणारा पहिला माणूस मालकच असू शकतो.

येथे विम्याची एक बाब फारशी कोणाला ठाऊक नसते. गाडीच्या विम्याबरोबर १५ लाख रुपयांचे वैयक्तिक अपघात संरक्षण येते, असे चालकांनाही सांगितले जाते. ते संरक्षण गाडी स्वतः चालविणाऱ्या मालकासाठी असते; पगारी चालकासाठी नव्हे. पगारी चालकाला किंवा त्याच्या वारसांना भरपाई मिळते ती नोकरीच्या नात्याने, आणि त्यासाठी तो त्या मालकाकडे कामाला होता हे सिद्ध करावे लागते. नेमणुकीचे पत्र नाही, हजेरी नाही, पगार रोखीने, अशा स्थितीत गावाकडच्या विधवेने हे सिद्ध करायचे कसे? म्हणून बँक खात्यात पगार जमा करणारा मालक, तो हजार रुपये कमी देत असला तरी, चालकाच्या कुटुंबाच्या दृष्टीने अधिक मोलाचा.

ओव्हरलोडची कहाणीही अशीच आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर जादा वजनासाठी २० हजार रुपये आणि प्रत्येक जादा टनामागे दोन हजार रुपये दंड आहे. दंड भरणारा मालक असला तरी घाट उतरताना ब्रेक तापलेली गाडी सांभाळतो तो चालक. पासिंगपेक्षा जास्त माल भरण्यास नकार दिल्यावर जो मालक चालक बदलतो, तो वाईट. एवढी साधी कसोटी पुरेशी आहे.

घरी केव्हा?

पगार, डिझेल, विमा यांच्या यादीत हा प्रश्न शेवटी येतो, पण अनेक चालकांच्या मनात तो पहिला असतो. परतीचे भाडे मिळाल्याशिवाय गाडी रिकामी आणायची नाही, हे मालकाचे गणित. त्यामुळे नाशिकहून कांदा घेऊन निघालेली गाडी कोलकात्याहून सुरतेला, तेथून चेन्नईला अशी फिरत राहते आणि चालक दीड-दोन महिने घरी जात नाही. म्हणूनच ठरावीक मार्गाच्या कामाला, उदाहरणार्थ डेपो ते पंप असे टँकर चालविणे किंवा कारखाना ते बंदर अशी कंटेनरची ने-आण, चालक कमी पैशांतही पसंती देतात. टँकरसाठी धोकादायक मालाचे वेगळे प्रशिक्षण आणि परवान्यावर नोंद लागते; हा खर्च एकदा सोसला की कामाची प्रत सुधारते.

यावर उपाय शोधण्याचे प्रयत्न झाले आहेत. 'रिविगो' या कंपनीने २०१४ पासून रिले पद्धत आणली. चालक चार-पाच तास गाडी चालवून ठरलेल्या ठिकाणी ती दुसऱ्याच्या हाती देतो आणि परतीची गाडी घेऊन त्याच दिवशी घरी येतो. कल्पना उत्तम होती, चालकांना ती आवडलीही. परंतु ठिकठिकाणी तळ उभारणे आणि दोन्ही बाजूंनी गाड्या भरलेल्या ठेवणे महाग पडते. २०२२ मध्ये कंपनीचा एक्स्प्रेस व्यवसाय महिंद्रा लॉजिस्टिक्सने घेतला. दोन-चार गाड्यांच्या मालकाला असे काही करणे शक्यच नाही. त्याच्याकडून अपेक्षा एवढीच, की महिन्याकाठी चार दिवस सुटी कबूल करावी आणि ती द्यावी.

आता कायद्याविषयी. मोटार वाहतूक कामगार कायदा १९६१ चा. त्यात दिवसाला आठ तास, आठवड्याला ४८ तास, पाच तासांनंतर अर्धा तास विश्रांती, साप्ताहिक सुटी हे सारे होते. लांब पल्ल्यासाठी दिवसाला दहा तासांपर्यंत मुभा होती. तो लागू होता पाच किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना, म्हणजे बहुसंख्य लहान मालक बाहेरच. हा कायदा आता व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेत सामावला असून चारही कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आल्या. संहितेत नियुक्तीपत्राचा हक्क आहे, ही जमेची बाजू. पण वाहतूक आस्थापनांसाठी कामगारसंख्येची मर्यादा पाचवरून दहावर गेली. ज्यांच्याकडे बहुतेक चालक काम करतात, ते लहान मालक आणखी लांब गेले.

वेतन संहितेचे तसे नाही. तिला कामगारसंख्येची अट नाही. मासिक वेतन पुढच्या महिन्याच्या सातव्या दिवसापूर्वी देणे, एकूण कपात वेतनाच्या निम्म्याहून अधिक न करणे, नुकसानीपोटी कापायचे असेल तर आधी कामगाराला बाजू मांडू देणे, हे एका गाडीच्या मालकालाही बांधील आहे. डिझेलच्या फरकाची एकतर्फी कपात या कसोटीवर टिकणे कठीण. कामगार कार्यालयाची पायरी चढणारा चालक विरळा, कारण तारखेच्या दिवशी तो बहुधा दुसऱ्याच राज्यात असतो.

म्हणून मालक सोडण्याची वेळही चालक जपून निवडतात. गाडी परमुलुखात उभी करून निघून जाणाऱ्याचे नाव बाजारात खराब होते आणि त्याचे अडकलेले पैसे बुडतात. शहाणा चालक फेरी पूर्ण करून मालकाच्या दारात गाडी लावतो, टायरांचे क्रमांक, जॅक, पान्हे, ताडपत्री, दोरखंड मोजून देतो, किल्ली आणि कागदपत्रे सोपवितो, गाडीची व मीटरची छायाचित्रे मोबाइलवर घेतो आणि उचलीसह हिशेब 'नील' झाल्याचे दोन ओळींत लिहून सही घेतो. नोकरी सोडल्यापासून कामाच्या दोन दिवसांत शिल्लक वेतन मिळावे, असे वेतन संहिता सांगते. सहीचा तो कागद किंवा छायाचित्र जपून ठेवलेले असले की नव्या शेठने मागच्या मालकाला फोन लावला तरी चिंता राहत नाही.